इंग्रजी ‘ॲडव्हर्ब’ आणि मराठी ‘क्रियाविशेषण’ : एका पाठाचा इतिहास

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या कोणत्याही तुकडीतील विद्यार्थ्याची इंग्रजी व्याकरणाची वही उघडली, तर तिच्या एखाद्या पानावर ‘ॲडव्हर्ब म्हणजे क्रियाविशेषण’ हे वाक्य सापडेल आणि त्याखाली कालवाचक, स्थलवाचक, रीतिवाचक, परिमाणवाचक अशी प्रकारांची उतरंड मांडलेली दिसेल. फळ्यावर हे समीकरण लिहायला अर्धे मिनिट पुरते. ते सिद्ध व्हायला मात्र दोन हजार वर्षे लागली. त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा अध्याय पुण्या-मुंबईपासून फार दूर, हुगळीच्या काठी घडला. नोकरीनिमित्त कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागात स्थायिक झालेल्या माझ्यासारख्या माजी विद्यार्थ्याने हीरक महोत्सवी ग्रंथासाठी काय लिहावे, हा प्रश्न पडला तेव्हा हाच विषय मनात आला. कारण या एका पाठाच्या इतिहासात मराठी माध्यमाच्या शाळेने आपल्याला नेमके काय दिले, या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

प्रारंभ युरोपातून करू. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेलेल्या दियोनिसियस थ्रॅक्स या ग्रीक विद्वानाच्या नावावर असलेल्या छोट्या व्याकरणग्रंथात शब्दांच्या आठ जाती सांगितल्या आहेत. त्यांपैकी एकीचे नाव ‘एपिर्‍हेमा’, म्हणजे क्रियापदाच्या जोडीने येणारा शब्द. रोमन पंडितांनी या नावाचे शब्दशः भाषांतर करून ‘अ‍ॅडव्हर्बियम’ हा शब्द घडविला. प्रिशियन याने इसवी सन ५०० च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल येथे लिहिलेल्या लॅटिन व्याकरणामुळे तो युरोपभर रूढ झाला. इंग्रजांनी आपल्या भाषेचे व्याकरण लिहायला घेतले ते पुष्कळ उशिरा. विल्यम बुलोकर याचे पहिले छापील इंग्रजी व्याकरण १५८६ मधले. तेही लॅटिन व्याकरणाच्या साच्यात ओतलेले होते. पुढे १७९५ मध्ये लिंडले मरे याचे इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध झाले आणि इंग्रजी शिकविणाऱ्या शाळांतून त्याचा विलक्षण प्रसार झाला. मरेने ॲडव्हर्बचे मुख्य वर्ग अकरा मानले : संख्या, क्रम, स्थल, काल, परिमाण, रीती, संशय, होकार, नकार, प्रश्न आणि तुलना. आपल्या वहीतील उतरंड या यादीचीच संक्षिप्त आवृत्ती होय.

भारतातील व्याकरणविचार याहून प्राचीन आणि स्वतंत्र. यास्काने ‘निरुक्ता’त शब्दांच्या चारच जाती सांगितल्या : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. पाणिनीने ज्या शब्दांच्या रूपात बदल होत नाही त्यांचा ‘अव्यय’ असा वर्ग केला. या परंपरेत ॲडव्हर्ब नावाची स्वतंत्र जात आढळत नाही. ‘क्रियाविशेषण’ ही संज्ञा मात्र संस्कृत वैयाकरणांना परिचित होती. ‘शीघ्रं गच्छति’ या वाक्यात ‘शीघ्रम्’ हे गमनाचे विशेषण आहे आणि म्हणून ते नपुंसकलिंगी, द्वितीयेच्या एकवचनात ठेवायचे, असा नियम ते सांगत. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. लॅटिन-इंग्रजी परंपरेने ‘ॲडव्हर्ब’ म्हणून शब्दाची जात सांगितली. संस्कृत परंपरेने ‘क्रियाविशेषण’ म्हणून शब्दाने वाक्यात केलेले काम सांगितले. एकीने माणसाचे कुळ विचारले, दुसरीने त्याचा व्यवसाय. आपल्या वहीतील ‘म्हणजे’ या एका शब्दाने या दोन दृष्टी एकत्र बांधल्या आहेत आणि विद्यार्थ्यांच्या पुष्कळशा अडचणी त्या गाठीपाशी उगम पावतात.

मराठी भाषा आणि युरोपीय व्याकरण यांचा मेळ घालण्याचा एक मोठा प्रारंभिक उद्योग कोलकात्याच्या परिसरात झाला. गव्हर्नर जनरल वेलस्ली याने १८०० मध्ये कोलकात्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले. कंपनी सरकारच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविणे हा त्याचा हेतू. तेथे बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकविण्याचे काम विल्यम केरी याच्याकडे आले. मुळात चांभारकाम शिकलेला आणि धर्मप्रसारासाठी १७९३ मध्ये बंगालात आलेला हा मनुष्य भाषांच्या अभ्यासात असामान्य चिकाटीचा होता. मराठीसाठी त्याला वैजनाथ शर्मा या मराठी पंडितांचे साहाय्य लाभले. १८०५ मध्ये केरीचे इंग्रजीतून लिहिलेले मराठी व्याकरण, नित्याच्या विषयांवरील संवादांची जोड देऊन, श्रीरामपूर येथील मिशनच्या छापखान्यात छापले गेले. पाठोपाठ १८१० मध्ये त्याचा मराठी-इंग्रजी कोश आला. वैजनाथ शर्मांच्या ‘सिंहासनबत्तिशी’, ‘हितोपदेश’ आणि ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ या मराठी पुस्तकांचे मुद्रणही तेथलेच. या छापखान्यासाठी टंक घडविणारे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर हे बंगाली कारागीर होते. मराठी मुद्रणाच्या आरंभकाळात बंगाली हातांचा हा वाटा आपण कृतज्ञतेने स्मरला पाहिजे.

सॉल्ट लेकहून नदीकाठाने उत्तरेकडे गेले की आज तासा-दीड तासात श्रीरामपूर गाठता येते. केरीच्या काळी सॉल्ट लेक हे नगरच नव्हते; येथे खाऱ्या पाण्याची दलदल होती. डॉ. बिधानचंद्र राय यांच्या पुढाकाराने १९६२ पासून हुगळीचा गाळ नळांवाटे आणून ती बुजविण्यात आली आणि त्यावर बिधाननगर उभे राहिले. हे नगर आपल्या हीरक महोत्सवी शाळेच्याच पिढीचे म्हणता येईल.

केरीचे व्याकरण छापले जात होते त्या १८०३ ते १८०५ या काळात दुसरे इंग्रज-मराठा युद्ध चालू होते. या पुस्तकाचा वाचक इंग्रज होता. मराठी ही त्याच्यासाठी राज्यकारभाराला हवी असलेली परकी भाषा होती आणि ती त्याने स्वतःच्या भाषेतून, स्वतःच्या व्याकरणाच्या संज्ञा वापरून शिकावी अशी व्यवस्था केलेली होती. राज्यकर्त्यांनी परकी भाषा शिकताना मातृभाषेचा आधार सोडला नाही, ही साधी गोष्ट आजच्या पालकांनी मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढील तीस वर्षांत चित्र उलटले. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉले याने आपले शिक्षणविषयक टिपण कोलकात्यात सादर केले आणि उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असावे हा पक्ष सरकारदरबारी प्रबळ झाला. त्यानंतरच्याच वर्षी, १८३६ मध्ये, मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले. दादोबांचे वय तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. इंग्रजी व्याकरणाचा आराखडा आणि संस्कृतातील संज्ञा यांचा मेळ घालून मराठी मुलाला मराठीचे व्याकरण मराठीतून समजावे, असा हा उद्योग होता. दादोबांनी पुढे अनेक आवृत्त्यांतून त्यात भर घातली, दुरुस्त्या केल्या. लहान मुलांसाठी लघुव्याकरणही लिहिले. कृष्णशास्त्री चिपळूणकर, रामचंद्र भिकाजी जोशी आणि १९११ चे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिणारे मोरो केशव दामले यांनी ही चर्चा पुढे नेली. अशा रीतीने मराठी शाळेतील मुलाच्या हाती एक परिभाषा आली. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण हे शब्द त्याला इंग्रजीच्या तासाला बसण्यापूर्वीच ओळखीचे झाले.

ही परिभाषा शाळेत टिकेल की नाही, हे मात्र निश्चित नव्हते. १८४७ च्या सुमारास मुंबईच्या शिक्षण मंडळात माध्यमाचा वाद पेटला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचे पक्षपाती होते. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मक्बा हे एतद्देशीय सभासद कर्नल जर्व्हिस यांच्यासह देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. नाना शंकरशेट इंग्रजी शिक्षणाचे विरोधक मुळीच नव्हते. मुंबईत इंग्रजी शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. इंग्रजी शिकावी, पण ज्ञान सर्वांपर्यंत पोहोचवायचे तर ते लोकांच्या भाषेतून, अशी त्यांची भूमिका होती. १८५४ च्या वुडच्या खलित्यानेही जनसामान्यांच्या शिक्षणासाठी देशी भाषांचे माध्यम मान्य केले. आपली शाळा या दीर्घ परंपरेची वारस आहे.

आता त्या गाठीकडे वळू. इंग्रजीच्या साच्यात मराठी शब्द बसविताना काय जमले आणि काय निसटले? काल, स्थल आणि संख्या हे वर्ग बिनबोभाट जमले. ‘यस्टर्डे’ला ‘काल’, ‘हिअर’ला ‘येथे’, ‘ट्वाइस’ला ‘दोनदा’ असे जोड सहज लागतात. पण मरेच्या यादीतील नकाराच्या वर्गाशी मराठी अडते. इंग्रजीतील ‘नॉट’ हा ॲडव्हर्ब आहे आणि त्याचे रूप कधीच बदलत नाही. मराठीतील ‘नाही’ मात्र बदलते : तो येणार नाही, ते येणार नाहीत, तू येणार नाहीस, ती आली नव्हती. ज्याला पुरुष, वचन आणि काळ आहेत तो शब्द क्रियापदाच्या कुळातला. एकच अर्थ एका भाषेत एका जातीच्या शब्दाने आणि दुसऱ्या भाषेत वेगळ्या जातीच्या शब्दाने व्यक्त होतो, हे या एका उदाहरणाने कळते.

रीतिवाचकांची गोष्ट याहून मनोरंजक आहे. ‘मुलगा चांगला पोहतो’, ‘मुलगी चांगली पोहते’ या वाक्यांत चांगलेपणा पोहण्याचा आहे. तरीही शब्दाने कर्त्याचे लिंग घेतले. प्रश्नही तसाच बदलतो : ‘तो कसा पोहतो?’, ‘ती कशी पोहते?’ इंग्रजीतील ‘वेल’ आणि ‘हाऊ’ मुलगा-मुलगी असा भेद जाणत नाहीत. ‘छान’ किंवा ‘सावकाश’ हे शब्द अव्यय आहेत, पण ‘चांगला’ आणि ‘कसा’ यांना अव्यय म्हणता येत नाही. म्हणून ‘क्रियाविशेषण’ आणि ‘क्रियाविशेषण अव्यय’ यांत फरक करावा लागतो. परीक्षेत या फरकाचा अर्धा गुण जातो असे वाटत असे; वस्तुतः मराठीने परक्या साच्याला दिलेला तो नकार आहे.

उलट मराठीपाशी असे काही धन आहे की ज्यासाठी मरेच्या अकरा वर्गांत वेगळे घर नाही. टपटप, पटपट, चमचम, झटकन, धपकन, गटागटा असे अनुकरणदर्शक शब्द क्रियेचा आवाज, वेग आणि तिचे दृश्य एकदम उभे करतात. मोल्सवर्थच्या १८३१ च्या प्रसिद्ध कोशात अशा शब्दांपुढे ते अनुकरणात्मक असल्याची खूण जागोजागी आढळते. पुढील मराठी व्याकरणात रीतिवाचकांच्या पोटात अनुकरणदर्शक असा उपप्रकार आला. साचा परका असला तरी त्याच्या भिंती हलवून आपल्या भाषेला जागा करून देण्याचे काम आपल्या वैयाकरणांनी केले.

मराठीच्या आधाराने इंग्रजी शिकविण्याची पद्धत घरोघर पोहोचली ती द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या ‘भाषांतर पाठमाले’मुळे. एका भाषेतील वाक्य घ्यायचे, ते दुसऱ्या भाषेत न्यायचे, आणि नेताना काय बदलले ते पाहायचे, असा तिचा मार्ग. ॲडव्हर्बचे प्रकार समजून घेण्यास हा मार्ग आजही किती उपयोगी आहे, ते पाहू. ‘ती काल शाळेत सुरेख गायली’ या वाक्यात क्रम काल, स्थल, रीती असा आहे. ‘शी सँग ब्यूटिफुली अ‍ॅट स्कूल यस्टर्डे’ या वाक्यात रीती, स्थल, काल. क्रम उलटा झाला असे प्रथम वाटते. पण क्रियापद कोठे आहे ते पाहा. मराठीत ते शेवटी, इंग्रजीत कर्त्याच्या लगेच मागून. दोन्ही भाषांत रीती क्रियेच्या अगदी निकट, स्थल तिच्या पलीकडे आणि काल सर्वांत दूर. नियम एकच, आरशात पाहावे तसे त्याचे प्रतिबिंब उलटे दिसते. ज्याच्यापाशी एकच भाषा आहे त्याला हा क्रम पाठ करावा लागतो. दोन भाषा शेजारी ठेवून पाहणाऱ्याला तो समजतो.

वारंवारतादर्शकांचे स्थान निराळे आहे. ‘ऑलवेज’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ हे शब्द साधारणतः मुख्य क्रियापदाच्या आधी बसतात : ‘शी ऑलवेज कम्स अर्ली’. क्रियापद ‘इज’ असेल तर ते त्याच्या नंतर जातात : ‘शी इज ऑलवेज अर्ली’. परिमाणवाचकांपाशी ‘क्रियाविशेषण’ हे नावच अपुरे पडते. ‘व्हेरी टॉल’ किंवा ‘खूप उंच’ यात क्रिया कुठली, हा प्रश्न चौकस मुलाला पडतो आणि तो रास्त आहे. इंग्रजी ॲडव्हर्ब विशेषणाला, दुसऱ्या ॲडव्हर्बला आणि कधी संपूर्ण वाक्यालाही विशेषित करतो. ‘फॉर्च्युनेटली ही डिड नॉट फॉल’ यातील पहिला शब्द पडण्याची रीत सांगत नाही. ‘सुदैवाने तो पडला नाही’ या वाक्यातील ‘सुदैवाने’प्रमाणेच बोलणाऱ्याचा अभिप्राय तो सांगतो.

शब्दाच्या शेवटी ‘ली’ असले की तो ॲडव्हर्ब, हा आणखी एक अर्धवट नियम. या प्रत्ययाचे मूळ जुन्या इंग्रजीतील ‘शरीर’ किंवा ‘रूप’ या अर्थाच्या शब्दात आहे. फ्रेंच भाषेने त्याच कामासाठी लॅटिनमधील ‘मन’ या अर्थाचा शब्द घेतला. मराठी ‘-पणे’, ‘-पूर्वक’ किंवा तृतीयेचा ‘-ने’ वापरते. जुन्या इंग्रजीत विशेषणापुढे केवळ ‘ए’ हा स्वर लावूनही ॲडव्हर्ब होत असे. पुढे तो स्वर लोपला आणि ‘हार्ड’, ‘फास्ट’ हे शब्द विशेषण आणि ॲडव्हर्ब अशा दोन्ही कामांना उरले. म्हणून कष्टाने काम करणारा मनुष्य ‘वर्क्स हार्ड’. ‘हार्डली वर्क्स’ म्हटले की तो जवळजवळ काहीच करीत नाही. याउलट ‘फ्रेंडली’ हे ‘ली’ असूनही विशेषणच.

कोलकात्यात राहताना या विषयाला आणखी एक परिमाण मिळते. येथील बंगाली माध्यमातील मूलही ॲडव्हर्बला ‘क्रियाविशेषण’च म्हणते, उच्चार वेगळा, संज्ञा तीच. आपल्या ‘हळूहळू’ला बंगालीत ‘धीरे धीरे’ हा जोडशब्द आहे. परंतु बंगालीतील साधा ‘काल’ हा शब्द झालेल्या आणि येणाऱ्या अशा दोन्ही दिवसांना चालतो. तो कोणता ते क्रियापदावरून ठरते. मराठीत ‘काल’ केवळ गेलेला दिवस. एकाच अक्षरांचा कालवाचक शब्द दोन भगिनीभाषांत किती निराळा वागतो! मराठीतील ‘कालच’ आणि बंगालीतील त्याच अर्थाचा जोर देणारा प्रत्यय, दोन्ही भाषिकांच्या इंग्रजीत ‘यस्टर्डे ओन्ली’ होऊन उतरतात. त्या ‘ओन्ली’ला हसण्यापूर्वी तो कोठून आला हे ओळखणे अधिक शहाणपणाचे.

माध्यमाचा प्रश्नही येथे आपल्यासारखाच जुना आहे. राममोहन राय यांचे बंगालीतून लिहिलेले बंगाली व्याकरण १८३३ मध्ये, म्हणजे दादोबांच्या तीन वर्षे आधी, प्रसिद्ध झाले. रवींद्रनाथांनी १८९२ मध्ये ‘शिक्षार हेरफेर’ या निबंधात मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला आणि त्याच रवींद्रनाथांनी पुढे बंगाली मुलांसाठी इंग्रजीची पाठ्यपुस्तकेही लिहिली. पश्चिम बंगालमध्ये १९८० च्या दशकात सरकारी प्राथमिक वर्गांतून इंग्रजी काढून टाकण्यात आले. पालकांचा असंतोष वाढत गेला आणि या शतकाच्या आरंभी ते पहिलीपासून परत आले. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीत इंग्रजी सुरू झाले. दोन्ही राज्यांच्या अनुभवाचा बोध एकच : इंग्रजी नाकारून मातृभाषा टिकत नाही. त्याचप्रमाणे मातृभाषा वर्गाबाहेर ठेवल्याने इंग्रजी आपोआप पक्की होते असेही नाही.

जुन्या पद्धतीच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. भाषांतराच्या मार्गाने शिकलेल्या आपल्या पिढ्यांना इंग्रजी वाचता-लिहिता चांगले आले. बोलताना मात्र जीभ अडखळली. महाविद्यालयात आणि पहिल्या नोकरीत आपल्यापैकी अनेकांनी तो संकोच सोसला आहे. त्याची आठवण ठेवूनच कित्येकांनी आपली मुले इंग्रजी माध्यमात घातली, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण त्या संकोचाचे कारण मराठी माध्यमात शोधणे हे निदान चुकीचे आहे. इंग्रजी ऐकण्या-बोलण्याचा सराव कमी पडला, हे खरे कारण. तो सराव मराठी माध्यमाच्या शाळेत वाढविता येतो. दोन भाषा शेजारी ठेवून विचार करण्याची दृष्टी मात्र एकदा गेली की केवळ सरावाने परत मिळत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी आणि बंगाली या दोन्ही भाषांना एकाच निर्णयाने अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दर्जाची खरी कसोटी शाळेच्या वर्गात लागेल. सहावी-सातवीतल्या मुलाला इंग्रजी ॲडव्हर्बचे प्रकार शिकविताना जी शाळा ‘ती चांगली पोहते’ हे वाक्यही फळ्यावर लिहिते आणि ‘येथे शब्द का बदलला?’ असा प्रश्न विचारते, ती त्याला इंग्रजीचा एक नियम आणि मराठीचे एक मर्म एकाच तासात देते. आपल्या शिक्षकांनी अनेक वर्षे हेच केले. पुढील वर्षांतही या फळ्यावर दोन्ही वाक्ये शेजारी-शेजारी उमटत राहोत आणि ती वाचणारी मुले मोठ्या संख्येने या बाकांवर बसोत, हीच शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त एका दूरस्थ माजी विद्यार्थ्याची शुभेच्छा.